कुलपावर रंग फासलेला आडोसा

मी एक जुना आडोसा आहे. एका मोठ्या प्रवासी जहाजावर, दोन शेजारच्या खोल्यांच्या गॅलऱ्यांमध्ये मी उभा असे. तिथे मला सगळे पार्टिशन म्हणत. सध्या मी बंदरावरच्या भंगाराच्या शेडमध्ये भिंतीला टेकून आहे आणि माझ्या पोटात माणूस वाकून आत जाईल एवढं भगदाड आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा सोशिक असतात. हळूच एक सुस्कारा टाकतात आणि तुम्हाला चार गोड शब्द सांगून गप्प बसतात. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमची चौकट, मध्ये जाड पांढरी फळी, एका कडेला तीन बिजागऱ्या आणि दुसऱ्या कडेला चौकोनी किल्लीचं कुलूप. मला जहाजावर बसवणाऱ्या फिटरने मला दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि सोबतच्या माणसाला म्हणाला, "दिसते भिंत, पण आहे दार. कुलूप नीट बघ, नाहीतर नुसती भिंतच उभी केली असं होईल." त्या वेळी मला त्याचं हसू आलं होतं. एवढी साधी गोष्ट कोण विसरणार, असं वाटलं.

माझं काम सोपं होतं. दोन खोल्यांत अनोळखी माणसं असली की मी बंद राहायचं. एकाच घरची माणसं असली की खोल्या आवरणारा कामगार किल्ली फिरवायचा, मला भिंतीला नेऊन टेकवायचा आणि आकडा लावायचा. मग दोन गॅलऱ्यांची एक लांबलचक गॅलरी व्हायची. मावश्या, आत्या, चुलत-मावस भावंडं यांचा नुसता गोंधळ! एकदा दोन सख्ख्या जावा सहलीला आल्या होत्या. पहिल्या दिवशी मला उघडायला लावलं, दुसऱ्या दिवशी बंद करायला लावलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडायला लावलं आणि मग दोघी मिळून सासूबद्दल इतकं बोलल्या की माझ्या बिजागऱ्यासुद्धा कान देऊन ऐकत होत्या. तेव्हा आमच्या मजल्यावर एक म्हातारे कामगार होते. ते दर फेरीला माझ्या कुलपात तेलाचे थेंब सोडत. माझं कौतुक करण्यासाठी ते कधी थांबले नाहीत, पण मी कधी अडलो नाही.

ते निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. जहाजाच्या डागडुजीवर नवा मुकादम आला. त्याला चकाकीचं वेड होतं. साहेबांची तपासणी जवळ आली की तो रंगाऱ्याला पिटाळायचा. आधीचा रंग खरवडायचा नाही, गंज घासायचा नाही, थेट वरून नवा हात. रंगारी बिचारा म्हणाला होता, "मुकादम, कुलपावर निदान चिकटपट्टी तरी लावू द्या. रंग आत जातोय."

"किती वेळ जाईल त्यात?"

"सगळ्या मजल्याला अर्धा दिवस."

"अरे, तपासणीला साहेब किल्ली घेऊन येतात का? डोळे घेऊन येतात. मार ब्रश!"

आणि त्याने ब्रश मारला. बिजागऱ्यांवर, आकड्यावर, कुलपाच्या भोकावर. पुढच्या तपासणीला पुन्हा. त्याच्या पुढच्या तपासणीला पुन्हा. साहेब यायचे, हात मागे बांधून चालायचे, "वा, छान!" म्हणायचे. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. माझ्या तोंडात बोळा कोंबून ते माझ्या तब्येतीची तारीफ करत होते. मला ओरडता आलं असतं तर मी त्यांच्या टोप्या उडवल्या असत्या.

मग ती फेरी आली. एका खोलीत एक वयस्कर बाबा होते, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. शेजारच्या खोलीत त्यांची लेक. बाबांना मधुमेह होता आणि त्यांची साखर कधी कधी एकदम उतरायची. तशी ती उतरली की घाम फुटायचा, हातपाय कापायचे आणि लगेच काही गोड पोटात गेलं नाही तर शुद्ध जायची. म्हणून लेकीने मुद्दाम शेजारशेजारच्या खोल्या घेतल्या होत्या. सामान टाकल्याबरोबर तिने खोल्या आवरणाऱ्या ताईंना बोलावलं.

"ताई, हे पार्टिशन उघडून द्याल का? बाबा एकटे आहेत पलीकडे."

ताईंनी किल्ली लावली. किल्ली आत जाईना. त्यांनी नखाने रंग खरवडला, जोर लावला, किल्ली घसरून त्यांच्या बोटाला लागलं. त्या मुकादमाला घेऊन आल्या. त्याने माझ्या अंगावरून हात फिरवला.

"एवढं चकचकीत पार्टिशन आहे, त्याला काय झालंय? फेरी संपली की बघू. अडलंय कुठे? बाहेरून बाबांच्या खोलीचं दार आहेच की."

"अहो, बाबा आतून कडी लावतात," लेक म्हणाली. "किती सांगितलं तरी ऐकत नाहीत."

"मग त्यांना समजावा तुम्ही," असं म्हणून मुकादम निघून गेला.

बाबा पलीकडून सगळं ऐकत होते. "मी आयुष्यभर बस चालवली, कुणाला साधा ओरखडा येऊ दिला नाही," ते म्हणाले. "आता मला राखण लागते होय? जा, तू मजा कर जरा."

"बाबा, कडी लावायची नाही. शपथ घ्या."

"बरं बाई, नाही लावत."

पण त्यांच्या हाताची सवय त्यांच्या शपथेहून जुनी होती. खोलीत शिरलं की कडी. मी पाहत होतो. कडी लावताना त्यांचं लक्षही नसायचं. खोलीच्या दाराचं कुलूप उघडणारी जादा किल्ली ताईंकडे होती, पण आतल्या कडीपुढे तिचं काहीच चालत नव्हतं.

दोन दिवस बरे गेले. बापलेक गॅलरीच्या कठड्याशी उभे राहून माझ्या दोन बाजूंनी गप्पा मारत. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी साखर उतरवणारं औषध घेतलं आणि जेवायला जायचा कंटाळा केला. लेक जेवून आली तेव्हा ते गॅलरीतल्या खुर्चीत होते. उठायला गेले, खुर्चीसकट कोसळले आणि माझ्या पायाशी आडवे झाले.

"बाबा? बाबा, काय पडलं?"

माझ्या खाली चार बोटांची फट होती. लेक जमिनीवर पालथी झाली आणि तिने त्या फटीतून पाहिलं. बाबांचा चेहरा घामाने डबडबला होता. ते काहीतरी पुटपुटत होते, पण त्यात शब्द नव्हते. ती ओरडली. ताई धावत आल्या, जादा किल्लीने खोलीचं दार लोटलं, ते कडीवर अडलं. ताईंनी फोन फिरवला. सुतार खालच्या मजल्यावर होता, डॉक्टर दुसऱ्या टोकाला. कठड्यावरून वळसा घालून जावं तर खाली समुद्र.

लेकीने चहाच्या साखरेच्या पुड्या आणल्या. एक फोडून फटीतून आत सरकवली. वाऱ्याने ती उचलली आणि कठड्याखालून समुद्रात नेली. दुसरीही गेली. तिसरी तिने मुठीत धरून हात खांद्यापर्यंत आत घातला. बोटं बाबांच्या कानाला लागत होती, ओठांपर्यंत पोचत नव्हती.

"बाबा, इकडे तोंड करा. थोडंसंच. बाबा, ऐका ना माझं!"

मित्रांनो, मी तेव्हा काय करत होतो? मी चकाकत होतो. किल्लीच्या एका फेऱ्याने मी बाजूला झालो असतो. माझ्यात ना मोडतोड होती, ना माझं वय झालं होतं. मी त्या मुलीच्या आणि तिच्या बापाच्या मधे केवळ यासाठी उभा होतो की एका माणसाला अर्धा दिवस वाचवायचा होता.

ताई पुन्हा आल्या त्या आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन. "बाजूला व्हा!" त्या किंचाळल्या आणि त्यांनी ते माझ्या पोटात हाणलं. मला वेदना झाल्या नाहीत. मला वाटलं, आणखी हाणा, याआधीच का नाही हाणलं! फळी तडकली, फुटली, लेक त्या भगदाडातून ओरबाडून घेत पलीकडे गेली. तिने साखर ओली करून बाबांच्या गालाच्या आतून चोळली. डॉक्टर आले, सुई लागली, बाबांनी डोळे उघडले.

बाबा वाचले. पण साखर फार वेळ उतरलेली राहून मेंदूला इजा झाली होती, पूर्वीचे बाबा परतले नाहीत. फेरीचे उरलेले दिवस लेक त्यांना गॅलरीत घेऊन बसे. मधे मी, फुटलेला. ती त्यांना त्यांच्या बसचे थांबे विचारायची. ते दुसऱ्या थांब्यापर्यंत यायचे, मग ओठ हलवत राहायचे आणि तिच्याकडे ओशाळून पाहायचे. एकदा तिने डॉक्टरांना विचारलं, "मी लगेच पोचले असते तर?" डॉक्टर म्हणाले, "तर एवढं झालं नसतं."

आणि मुकादम? तो आला, माझे फोटो काढले आणि साहेबांना म्हणाला, "पार्टिशनच निकृष्ट होतं, साहेब." चोर सोडून संन्याशाला फाशी! साहेबांनी मान डोलावली. माझं कुलूप कुणी उचकटून पाहिलं नाही. माझ्या जागी नवा आडोसा बसला, मी इथे आलो. जाताना मला रंगारी दिसला. तो नव्या आडोशापाशी ब्रश धरून उभा होता आणि मुकादम त्याला घाई करत होता.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. त्यापेक्षा आज एक काम करा. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, राहत्या इमारतीत संकटात बाहेर पडायचं दार असेल. त्याला हात लावा. ते उघडत नसेल, त्याच्यामागे बाकं रचलेली असतील, त्याच्या कडीवर रंग साचला असेल, तर मोठ्यांना सांगा. ते म्हणतील, "दिसतंय की चांगलं." तेव्हा मान खाली घालून परत फिरू नका. त्यांचा हात धरून त्यांना त्या दारापाशी आणा आणि म्हणा, "उघडून दाखवा."