एक नंबरचं बटण

"मी दाबलं तर काही होत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही दाबून बघा."

मिस्त्रीने ड्रायव्हरच्या दारात वाकून सीटचं एक नंबरचं बटण दाबलं. मग दोन नंबरचं. मग पुन्हा एक. सीट ढिम्म हलली नाही. गाडी आदल्याच दिवशी कंपनीच्या वर्कशॉपमधून आली होती, धुऊनपुसून, पायाखाली छापील कागद अंथरून. काय झालं असेल ते मिस्त्रीला लगेच कळलं.

गाडी बावीस वर्षांची. एके काळी लोक वळून बघत अशी भारीतली. बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर. त्यांनी ती हौसेने घेतली होती. तिच्या सीटला माणसं लक्षात राहत. एक नंबर डॉक्टरांचा, दोन नंबर बाईंचा. बटण दाबलं की सीट घूं करत त्या त्या माणसाच्या मापाने मागेपुढे होई, बाहेरचे आरसेसुद्धा वळत. डॉक्टरांना जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून बाई दोन नंबरवर गाडी चालवत आणि कुठेही पोचल्या की दार लावण्याआधी एक नंबर दाबत. सीट मागे जाई, मग त्या आपल्या वाटेला लागत. हे त्यांनी मिस्त्रीला एकदाच सांगितलं होतं, तेही दुसरीकडे बघत. तो 'बरं' म्हणाला होता. त्यानंतर तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

निघायची गरजही नव्हती. बॅटरी काढली की या गाडीचं सगळं लक्षात ठेवलेलं पुसलं जातं. म्हणून मिस्त्री आधी एक छोटी बॅटरी वायरने जोडी आणि मगच मोठीला हात लावी. गाडी आतबाहेर करायची असली तरी तो सीट पुढे घेत नसे. डॉक्टर उंच, हा बुटका. सीटच्या कडेला टेकून, पाय ताणून, अंगठ्याने कसाबसा ब्रेक गाठायचा. त्या पाच वर्षांत त्याने ही गाडी अशीच लोंबकळत चालवली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्याने एकोणीस वर्षं काढली होती. तिथे दुरुस्त करणं मागे पडलं आणि बदलून टाकणं सुरू झालं, तेव्हा त्याने नोकरीला रामराम ठोकला आणि हे तीन गाड्यांचं गॅरेज टाकलं. डॉक्टर त्याच्या मागोमाग इथे आले. कंपनी बरी की गॅरेज बरं, या विषयावर मिस्त्री पुढ्यातलं ताट सोडून बोलत बसे. कंपनीवाले पडद्याकडे बघतात, गाडीकडे बघतच नाहीत, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. बायको म्हणे, ते वाक्य आता आमटीलाही पाठ झालंय.

आणि मागच्या आठवड्यात गाडीने स्वतःची किल्लीच ओळखायचं सोडून दिलं. दोन दिवस मिस्त्रीने सगळे उपाय करून पाहिले. शेवटी कबूल करावं लागलं, की हे काम कंपनीच्या कॉम्प्युटरशिवाय होणार नाही. नाक मुठीत धरून त्याने गाडी तिकडे धाडली. पण नुसती कशी धाडायची? सोबत त्याने सूचनांची यादी दिली. चांगली अकरा कलमांची. ब्रेक ऑइल नवीन आहे, बदलू नये. उजवी काच हळू चढते, तो तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. डाव्या दाराला तेल घालू नये, मी घातलं आहे. तिकडच्या लोकांनी वाचावी आणि गप्प बसावं अशी यादी. बाईंनी तीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली. त्यांनी पर्समधून लाल पेन काढून तिच्यातल्या सहा चुका दुरुस्त केल्या आणि 'छान लिहिलंय' म्हणाल्या.

आता मिस्त्रीने कंपनीत फोन लावला. आवाज चढवूनच सुरुवात केली. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. असं काम बॅटरी काढूनच करायचा नियम आहे, सर, ती म्हणाली. सीटबद्दल तुमच्या यादीत काही होतं का, थांबा, बघून सांगते. आणि तिने अकराच्या अकरा कलमं वाचून दाखवली, एक शब्द न गाळता. मिस्त्री फोन कानाला लावून उभा होता. आपलंच लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याचे कान तापले. किल्ली पहिल्या फटक्यात चालत होती. कंपनीची काडीइतकी चूक नव्हती. असती तर त्याला फार बरं वाटलं असतं.

त्याने फोन ठेवला.

"चूक माझी आहे, बाई. मला किती कळतं ते त्यांना दाखवायला अकरा गोष्टी लिहिल्या, आणि हीच राहिली. हाताला सवय होती. लिहायची गोष्ट आहे असं वाटलंच नाही कधी."

"मीही वाचली होती की यादी," बाई म्हणाल्या. "ऱ्हस्वदीर्घ बघत बसले."

मग मिस्त्री म्हणाला की बटणाला पुन्हा शिकवता येतं. सीट योग्य जागी आणायची आणि लक्षात ठेवायचं बटण दाबायचं, झालं. फक्त ती जागा कोणती, हे कुणीतरी सांगायला हवं. बाईंनी विचार केला. त्या गाडीला वळसा घालून गेल्या आणि डाव्या बाजूच्या सीटवर, त्यांच्या मूळ जागी, जाऊन बसल्या.

"तुम्ही बसा तिथे," त्या म्हणाल्या. "मी त्यांना इथूनच बघत आले."

मिस्त्री हात पुसून डॉक्टरांच्या जागी बसला. बाई सांगत गेल्या, तो सीट सरकवत गेला. थोडी खाली. पाठ जरा उभी. आता मागे, अजून, अजून थोडी. त्याच्या खांद्यापलीकडचा बाहेरचा आरसा अर्धा दिसू लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा. इथेच."

मिस्त्री थांबला. त्याचा तळवा ब्रेकवर पुरा टेकला होता. ही जागा नव्हे, हे त्याला त्या तळव्याने सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. गप्प बसला असता तर चाललं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण यादीत ही गोष्ट न लिहून एकदा गप्प राहून झालं होतं.

"बाई, अजून चार बोटं मागे," तो म्हणाला. "माझा पाय इथे असा पुरत नसे. ताणावा लागायचा."

"इतके मागे?"

"हो. ते बरेच मागे बसायचे."

दोन सीटांमधल्या मोकळ्या जागेवर बाईंनी हात ठेवला, आणि तसाच राहू दिला.

"म्हणजे पाच वर्षांत मनातल्या मनात मीच त्यांना जवळ ओढून घेतलं," त्या म्हणाल्या. "घ्या मागे. जिथे होते तिथे असू देत."

सीट घूं करत मागे गेली. मिस्त्रीचा पाय ब्रेकवरून सुटला, ताणल्यावर अंगठा तेवढा टेकला. त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्याने लक्षात ठेवायचं बटण दाबलं, मग एक नंबर. बारीकसा 'टूं' वाजला.

तो उतरला आणि आवाज होणार नाही इतक्या हळू त्याने दार लावलं. बाई उतरल्या नाहीत. रिकाम्या सीटकडे एकदा बघून त्यांनी खांद्यावरून पट्टा ओढला, लावून घेतला आणि समोर बघत बसल्या.