दुसऱ्या चालीतलं प्यादं

मी बुद्धिबळातलं पांढरं प्यादं बोलतोय, राजाच्या उंटापुढचं. उमरेडला चंद्रभानजींचा हातमाग बंद पडला, तेव्हा त्याच्याच सागवानातून त्यांनी लेकीसाठी, नंदिनीसाठी, आम्हाला घडवून घेतलं. तिच्यासोबत मी एसटीने नागपूरला हॉस्टेलवर आलो.

तिथे कामिनी भेटली. दोघी एकाच खोलीत. मेसमधून आल्या की पट मांडायच्या. किंग्ज गॅम्बिट ही सुरुवात त्यांनी मिळून घोटली. दुसऱ्याच चालीत मला फुकट देऊ करायचं आणि त्या बदल्यात समोरच्या राजावर तुटून पडायचं. मी रोज मरायचो, पण त्या इतक्या हसायच्या की वाईट वाटत नसे.

मग कॉलेजच्या संघात पहिल्या, म्हणजे सर्वांत मानाच्या पटावर कोण बसणार, यावरून बिनसलं. सरांनी नंदिनीला निवडलं. कामिनीने कॉलेजच बदललं. वर्षभर अबोला.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत त्या समोरासमोर आल्या. पट आमचाच होता. बरोबरी झाली तरी करंडक आपला, जपून खेळ, असं सरांनी नंदिनीला बजावलं होतं. तिने राजापुढचं प्यादं सरकवलं, कामिनीनेही तसंच केलं. नंदिनीचा हात क्षणभर अडला. मग तिने मला उचलून दोन घरं पुढे ठेवलं.

कामिनी माझ्याकडे बघतच राहिली. तिने मला मारलं आणि मुठीत धरलं, ते डाव संपेपर्यंत. मला पट दिसत नव्हता. घामेजलेली बोटं आवळायची, सैल व्हायची, तेवढंच कळायचं.

नंदिनी हरली. करंडक गेला. सर तडक निघून गेले. कामिनीही दाराकडे निघाली, मी मुठीतच.

"माह्यं प्यादं घेऊन कुठं चालली वं?" नंदिनीने मागून विचारलं.

कामिनी थांबली. "काहून खेळली हे? मले सगळं पाठ आहे, माहीत होतं नं तुले?"

"तुह्यासमोर दुसरं काही सुचूनच नाही राहिलं होतं."

दोघी बाहेर पायरीवर बसल्या आणि तोच डाव पहिल्यापासून लावून पाहू लागल्या.

आता नंदिनी पुण्याला असते, कामिनी नागपुरातच, रामदासपेठेत एका दवाखान्यात नोकरी करते. खेळतात त्या फोनवर. मी उमरेडच्या कपाटात. गेल्या दिवाळीत नंदिनी उमरेडला आली, तेव्हा कामिनीही घरी आली. आम्हाला पटावर नीट उभं केलं आणि दोघी बोलतच बसल्या. चहा झाला, जेवणं झाली, चाल एकही झाली नाही. चंद्रभानजी पट आवरायला आले, तेव्हा फार वाटलं, त्यांना सांगावं: राहू द्या हो, अजून थोडा वेळ.