गोधडीत नसलेला तुकडा

अक्षता आणि सिद्धेश परबांच्या घरी मूल येणार हे नक्की झालं, तेव्हा त्यांच्या इमारतीत सगळ्यात जास्त रडली ती समोरच्या दारातली जया ओव्हाळ. दत्तकासाठी नाव नोंदवल्यापासून तीन वर्षं अक्षताने वाट पाहिली होती आणि त्यातली निम्मी जयाच्या घरी बसून. संस्थेच्या बाई घर बघायला येणार होत्या, तेव्हा जयाने लॅबमधली ड्युटी बदलून दिवसभर तिच्याबरोबर कपाटं आवरली होती. आता दहा महिन्यांची पोरगी घरी येणार होती. नावही ठरलं होतं, जान्हवी.

गोधडीची कल्पना पहिल्या मजल्यावरच्या वसुधा सावंतांची. प्रत्येक घरातून एक जुना सुती तुकडा घ्यायचा, सगळ्यांनी मिळून टाके घालायचे आणि पोरगी दारात आली की तिला त्या गोधडीत घ्यायचं. "आपण सगळे तिचे आहोत हे तिला मोठेपणी कळायला हवं," असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं. खाली हृदयांची रांग लागली. भांडुपमध्ये अजून अशी माणसं आहेत याचं जयालाही कौतुक वाटलं.

तिने आपल्या लग्नातल्या पांढऱ्या साडीचा तुकडा काढून नेला. वसुधाताई म्हणाल्या, "पांढरं नको गं. लहान पोराच्या अंगावर बरं दिसत नाही."

जयाला थोडं लागलं, पण असतो एकेकाचा समज, म्हणून तिने सोडून दिलं. घरी येऊन तिने आईची निळी साडी काढली. आई गेल्यापासून त्या साडीला तिने कोणालाही हात लावू दिला नव्हता. पदराकडचा चांगला भाग कापला. तो तुकडा धुऊन, इस्त्री करून तिने वसुधाताईंच्या हातात दिला. "हा मस्त आहे," वसुधाताई म्हणाल्या आणि त्यांनी तो पिशवीत टाकला.

रविवारी सगळ्या बायका सावंतांकडे शिवायला बसल्या. जयाची सकाळची ड्युटी होती. दुपारी ती थेट तिकडेच गेली, तोवर गोधडी जवळजवळ पुरी झाली होती. पिवळे, जांभळे, हिरवे, फुलाफुलांचे तुकडे. मधोमध वसुधाताईंच्या इरकलीचा मोठा चौकोन. जयाने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"वसुधाताई, माझा कुठे लावला?"

"अगं, तो ना... रंग जाणारा वाटला. बाकीच्यांवर डाग पडले असते."

"पंधरा वर्षं आईने धुतलीय ती साडी. आता कुठला रंग जातोय?"

"राहिला असेल मग. एवढ्या घाईत लक्ष कुठे राहतं!"

बाकीच्या टाके घालत राहिल्या. जया पाणी प्यायला आत गेली, तर वसुधाताईंची सून उत्तरा शिलाई मशीन पुसत होती. तिच्या हातात निळा तुकडा होता. त्यावर तेलाचे काळे डाग पडले होते.

"मला माहीत नव्हतं ताई," उत्तरा कशीबशी म्हणाली. "आईंनी पुसायला दिला."

जयाने तो तिच्या हातातून घेतला आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर उघडून धरला.

"हा राहिला होता का, वसुधाताई? पुसायला बरा सापडला."

वसुधाताईंचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्या उठून जवळ आल्या आणि आवाज खाली करून बोलू लागल्या. "हे बघ, जया, मी असलं काही मानत नाही. तुला माहितीय. पण सिद्धेशची आई येतेय कणकवलीहून. म्हातारं माणूस, जुन्या वळणाचं. पोरीला गोधडीत घेऊन देवासमोर ठेवणार. उद्या कोणी काही बोललं तर अक्षतालाच त्रास. तुझ्या मैत्रिणीसाठीच केलं मी."

"माझ्यासाठी पण केलंत की नाही काही?"

"आवाज कशाला चढवतेस?"

"चढवणारच! माझ्या आईच्या साडीने तुम्ही मशीनचं तेल पुसता आणि मी हळू बोलू?" जयाचे कान तापले होते. "त्या पोरीची जात कळलीय तुम्हाला? संस्थेने सांगितली? नाही ना? मग ती माझ्यासारख्या घरातली निघाली तर? तिलाही बाजूला काढून ठेवणार? का तिला गोधडीत घेणार आणि मला फडक्यात?"

जयंती नावाच्या एका बाईने "जाऊ दे ना जया, चांगल्या कामात कशाला" असं म्हटलं. त्याने तर तिचं डोकंच फिरलं.

"चांगलं काम तुम्ही करायचं आणि जाऊ मी द्यायचं, हो ना?"

ती तडक घरी गेली. नवरा अनिरुद्ध ऐकून घेऊन म्हणाला, "सोसायटीत लेखी तक्रार करू." ती म्हणाली, "कर. पण आधी मला हे डाग काढू दे." डाग निघाले नाहीत. ती बेसिनशी उभी राहून चोळतच राहिली.

पोरगी घरी आली त्या दिवशी खाली ढोल वाजला. जया दार लावून बसली. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात अक्षता, कडेवर डोळे मोठे करून बघणारी जान्हवी आणि मागे सिद्धेशची आई, प्रेमाआजी.

"जयाताई, तू खाली का नव्हतीस? मी गोधडीत तुझा तुकडा शोधत होते."

जयाने सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण पोरीने तिचं बोट घट्ट धरलं आणि तिने सगळं सांगून टाकलं.

अक्षता काही बोलायच्या आत प्रेमाआजी भडकल्या. "माझ्या नावार? मी शिवाशिव पाळलंय गो तेव्हा, खोटा कित्याक बोलू? पण आता माका कोणी इचारल्यान? आपला पाप माझ्या नावार कित्याक खपवता ती?"

अक्षता तशीच पोरीला घेऊन खाली गेली. सिद्धेशच्या हातातली गोधडी तिने वसुधाताईंच्या मांडीवर ठेवली. "जयाताईचा तुकडा लागला की द्या," ती म्हणाली. सगळ्या बायकांना राग आला. तो वसुधाताईंपेक्षा अक्षताचाच जास्त. एवढी मेहनत, आणि पोरीच्या पहिल्याच दिवशी हा तमाशा!

दोन दिवसांनी वसुधाताई गोधडी घेऊन जयाच्या दारात आल्या. "सॉरी," त्या म्हणाल्या. "दे तो तुकडा, मी स्वतः लावते."

जयाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आत या. चहा टाकते."

"नको, आत्ताच घेतला."

इतक्या वर्षांत वसुधाताईंनी या दारात कधी उपास सांगितला होता, कधी अ‍ॅसिडिटी, कधी घाई. जया मोजत नव्हती असं नाही, ती फक्त बोलत नव्हती.

"मग तुकडाही नको," जया म्हणाली. "कडेला कुठेतरी लावून घेण्यासाठी माझ्या आईने ती साडी नेसली नव्हती. घेऊन जा तुमची गोधडी."

"एवढा ताठा बरा नाही हो!"

"बरा नसू दे."

तिने दार लावून घेतलं. अंगाचा नुसता जाळ होत होता.

संध्याकाळी उत्तरा आली. तिने गोधडीतून आपल्या ओढणीचा तुकडा उसवून आणला होता. दोरे अजून लोंबत होते. सासूला सांगून आणलास का, असं जयाने विचारलं. "सांगून," उत्तरा म्हणाली आणि न बोलावता आत येऊन बसली. प्रेमाआजींनी आपल्या लुगड्याचा काठ आणला. अक्षताने ओटीतला ब्लाउजपीस. आणखी दोघीजणी आल्या. बाकीच्या आल्या नाहीत, जयंती तर जिन्यात भेटली की मान फिरवू लागली.

एवढ्याशा कापडात मोठी गोधडी होणार नव्हतीच. दुपट्याएवढीच झाली. निळा तुकडा जयाने डागांसकट लावला. अक्षता म्हणाली, "डाग दुमडून आत घे ना." जया म्हणाली, "कशाला? दिसू दे."

ती घट्ट, जवळजवळ टाके घालत होती. राग गेला नव्हता. सुई खुपसताना तो दिसत होता. जान्हवी जमिनीवर पालथी पडून गोधडीचं टोक तोंडात घालत होती आणि आजी ते पुन्हा पुन्हा काढून घेत होत्या.