खाडीच्या पाण्याची बाटली

१९८५च्या नोव्हेंबरात माझा निष्कर्ष तयार होता. उत्तर ध्रुवाकडे, कॅनडातल्या मॅकेन्झी नदीच्या मुखाशी, समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ तीन उन्हाळ्यांत दुप्पट झालं होतं. उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या रंगावरून मी हे मोजलं होतं. अंधेरीच्या आमच्या प्रयोगशाळेतर्फे मी तो निबंध ओस्लोच्या परिषदेत वाचणार होते. आई माझ्यासाठी स्वेटर विणत होती.

गणित पडताळायला म्हणून मी तीच रीत घराजवळच्या पाण्याला लावली. वर्सोव्याच्या खाडीचं तोंडही तितकंच हिरवं निघालं. रोज दिसणाऱ्या त्या मातकट पाण्याबद्दल हे पटेना. दुसऱ्या दिवशी मढला जाणाऱ्या होडीत बसले आणि मध्यावर बाटली बुडवली.

शेजारी सुक्या बोंबलांची पाटी घेऊन सोनूबाई नावाची कोळीण बसली होती.

"काय गो बाय, खाडीचं पानी पिनार हायस?"

"शेवाळ शोधतेय, मावशी."

तिने हात पाण्यात घातला, बोटं एकमेकांवर चोळली. "जिवंत पानी बुळबुळीत लागतं. ह्यो निस्ता चिखल हाय. शिकलीस ना तू?" आणि होडीभर ऐकू जाईल एवढ्याने हसली.

प्रयोगशाळेत पाणी गाळलं. कागदावर तपकिरी थर उरला, शेवाळ नावापुरतंच. माझ्या गणिताला गाळ आणि शेवाळ यांतला फरक कळत नव्हता.

"ही खाडी आहे गं," प्रयोगशाळेचे प्रमुख जयवंत सर म्हणाले. "ध्रुवाचं पाणी वेगळं."

"तिथेही नदी गाळच आणते, सर."

"तिथे कोण बाटली घेऊन जाणार आहे? उगाच वाट लावू नकोस. तिकीट निघालंय."

कोणी जाणार नव्हतं, हे खरंच होतं. तेच मला छळत राहिलं. शेवाळ वाढलं असेल तर मासे त्यामागे येतील. गाळ वाढला असेल तर काठची गोठलेली जमीन वितळत असेल. काहीतरी बदललं होतं नक्की. काय, ते मला सांगता येत नव्हतं.

मी निबंध पुन्हा टाइप केला. 'शेवाळ दुप्पट' खोडून लिहिलं: 'पाण्याचा रंग बदलला आहे. कारण अज्ञात.'

सरांनी तो वाचला. "एवढं सांगायला ओस्लोला कोण पाठवेल?" म्हणाले आणि तिकीट खणात टाकलं.

संध्याकाळी आईला स्वेटरची घाई नाही म्हणून सांगितलं. मग कॅनडातल्या एका मत्स्यकेंद्राला पत्र लिहिलं: नदीमुखाशी तुमची बोट गेली तर एक बाटली पाणी गाळून पाहाल का?

जूनपर्यंत तिथलं पाणी गोठलेलं राहणार होतं.