ज्योत्स्नाच्या मापाचं टेबल

दत्तूने टेबलाच्या कोपऱ्यावर तळहात टेकवून भार दिला आणि टेबल डुललं. हात काढला तसं ते परत जागेवर आलं, खाली कुठंतरी टक असा आवाज करून. सकाळपासून तो या एका आवाजाच्या मागे लागला होता. ज्या पायाचा संशय येई तो पाय घासायचा, टेबल उभं करायचं, पुन्हा दाबून बघायचं. आवाज मरत नव्हता. या पायाखालून उठून त्या पायाखाली जाऊन बसत होता.

त्याने टेबल पुन्हा आडवं केलं आणि ग्राइंडरचं बटण दाबलं. मशीन ओरडायला लागली तोच खिडकी उघडली. आतून त्याच्या बायकोचा, ज्योत्स्नाचा पंजा बाहेर आला. कानाला हेडफोन, नजर समोर लॅपटॉपवर, आणि हात मात्र त्याच्या दिशेने, थांबा म्हणणारा.

दत्तूने ग्राइंडर बंद केला. कुठल्यातरी हॉस्पिटलच्या बिलावरून ती पलीकडच्या माणसाला शांतपणे काही समजावत होती. ती एका विमा कंपनीसाठी घरूनच बिलं तपासायची. फोन सुरू असला की बाहेर मशीन चालवायची नाही, हे ठरलेलं होतं. फोन दिवसभर सुरूच असायचे. दत्तूचं सुतारकाम तिच्या दोन फोनांच्या फटीत व्हायचं.

तो उलट्या टेबलाशेजारी फरशीवर बसून राहिला. सिडकोच्या त्यांच्या घरामागे अंगण म्हणावं अशी ही एवढीच जागा होती. एका बाजूला मोरी, दुसऱ्या बाजूला सोसायटीची भिंत, आणि मधे आता भुसा. संक्रांत होऊन गेली तरी थंडी हटत नव्हती. फेव्हिकॉल लावलेले सांधे दुसऱ्या दिवशीही ओले लागत.

खिशातला फोन थरथरला. कारखान्यातल्या खाजाचा होता. दत्तूने तो वाजून वाजून बंद होऊ दिला.

दिवाळीनंतर दोघं फर्निचरची दुकानं फिरून आले होते. ज्योत्स्नाची उंची कमी. कुठल्याही टेबलाशी बसली तरी तिला हात वर धरून टाइप करावं लागायचं. घरी ती पलंगाच्या कडेला बसून इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवायची. संध्याकाळपर्यंत मनगटं सुन्न व्हायची, भाजी चिरताना सुरी हातातून निसटायची. टेबल कोपराच्या उंचीचं पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुकानातला विक्रेता हसून म्हणाला होता, "मॅडम, पायाखाली पाट घ्या ना. खुर्ची वर, पाय पाटावर. काम झालं."

"पाट कशाला?" दत्तू मधेच म्हणाला. "मी करतो घरी. पंधरा दिवसांत करून देतो."

ज्योत्स्नाने तेव्हा त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं. अंबडचा कारखाना बंद होऊन थोडेच दिवस झाले होते. कंपनीने इथलं सगळं गुंडाळून दुसऱ्या राज्यात नेलं. टूलरूममधल्या लोकांना हिशेब, शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दत्तूने त्या टूलरूममध्ये अर्धं आयुष्य घालवलं होतं. डाय, म्हणजे लोखंडी साचा, कितीही नाजूक असो, मापाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा असायचा. मग एक टेबल ते काय.

पण लोखंड दिलेल्या मापात राहतं. लाकूड रात्रीतून विचार बदलायचं. जुन्या दारांच्या सागवानी फळ्या तो हौसेने निवडून घेऊन आला. एकीत आत मोडलेला खिळा निघाला आणि रंध्याचं पातं गेलं. दोन फळ्या जोडून सरळ केल्या, तर सकाळी त्या मधोमध उचललेल्या. पुन्हा सोडवल्या, पुन्हा जोडल्या. पंधरा दिवस कधीच सरले. शेजारच्या मंगलाबाई येता-जाता विचारायच्या, "झालं का हो टेबल?" अलीकडे त्यांनी विचारणंही सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, खाजा घरीच आला. टूलरूममध्ये तो दत्तूच्या हाताखाली शिकला होता. कारखाना बंद पडायच्या आधीच वारं ओळखून तो पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोअरेजमध्ये लागला. आता तिथला मेंटेनन्स त्याच्याकडे होता.

"फोन उचलत नाही तुम्ही, दत्तूभाऊ. म्हटलं, जाऊनच येऊ."

"मशीनचा आवाज असतो. कळत नाही."

मशीन तेव्हा बंद होती. खाजाने ती पाहिली आणि विषय सोडला. चहा येईपर्यंत दोघं टेबलाभोवती उभे राहिले.

"अंगूरचा सीझन सुरू झाला," खाजा म्हणाला. "रोज काही ना काही बंद पडतं. आज पट्टा, उद्या कंप्रेसर. मला एक पक्का माणूस पाहिजे. शेठला मी तुमचं नाव सांगून ठेवलंय. तो रोज विचारतो, येणार का तुमचा माणूस?"

"टेबल झालं की बघू."

खाजाने फळीवरून हात फिरवला. "झालं की."

"डुलतंय."

"मग पायाखाली कागदाची घडी सारा."

दत्तूने त्याच्याकडे असं पाहिलं की खाजाने फळीवरचा हात काढून घेतला.

"बरं, नका सारू," तो म्हणाला. मग आवाज जरा खाली आणून, "भाऊ, तिथं मी सुपरवायझर आहे, हे खरं. पण तुमच्याशी मी कसा बोलणार, ते तुम्हाला माहिती आहे. ते मनात आणू नका."

"तसं काही नाही रे. हिचं काम अडलंय टेबलावाचून."

चहाचे कप घेऊन ज्योत्स्ना दारात उभी होती. तिने कप दिले, फलकच्या परीक्षेची चौकशी केली आणि आत गेली. फलक ही खाजाची मुलगी. खाजा चहा पिऊन निघाला. जाताना तो गेटपाशी थोडा थांबला, पण दत्तू त्याच्याकडे पाठ करून पाय घासायला बसला होता.

दुपारी काम संपलं असं त्याला वाटलं. त्याने टेबल उभं केलं, दोन पावलं मागे येऊन पाहिलं, मग कोपऱ्यावर हात ठेवला.

टक.

शेजारी ब्रश बुडवलेला पाण्याचा मग होता. दत्तूने तो पायाने उडवला. तो जाऊन भिंतीवर आपटला आणि पाणी फरशीवर पसरलं. तो हात कमरेवर ठेवून बघत राहिला. पाणी टेबलाखालून मोरीकडे निघालं, पण मोरीत गेलं नाही. मोरीकडच्या पायाभोवती जमून तिथंच राहिलं, ताटलीएवढं तळं करून.

दत्तू गुडघ्यावर बसला. पाण्यात बोट घातलं. मग आत जाऊन उतार मोजायची लेव्हल आणली आणि फरशीवर ठेवली. बुडबुडा सरकत जाऊन टोकाला चिकटला. मोरीकडचा कोपरा खोलगट होता. टेबल डुलत नव्हतंच. सरळ उभ्या टेबलाचे पाय तो दोन दिवस वाकड्या फरशीच्या मापाने कापत बसला होता.

कामाला हात लावण्याआधी खालचा पाया तपासायचा, हे तो नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायचा. खाजालाही शिकवलं होतं. त्याने टेप काढून उंची मोजली. टेबल बोटभर बुटकं झालं होतं.

आवाज ऐकून ज्योत्स्ना बाहेर आली. "काय पडलं?"

"काही नाही. फरशी खोलगट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे टेबल चांगलं होतं. मी बिघडवलं."

तिने कपाळाला हात लावला. तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

"हस," तो म्हणाला.

"मी हसले नाही." तिने वाकून मग उचलला, त्याचा पोचा अंगठ्याने चाचपला. "अहो, एखादं विकत आणू या का? घेईन मी पाट पायाखाली. त्यात काय."

"म्हणजे तुला काय वाटतं, मी मुद्दाम लांबवतोय?"

सोसायटीच्या भिंतीपलीकडे कुणीतरी गादी झोडपत होतं.

"मी असं कुठं म्हटलं?" ज्योत्स्ना हळू आवाजात म्हणाली.

"नाही म्हटलंस."

तो मग घेऊन ती आत गेली. पुढचे काही दिवस दोघं एकमेकांशी जेवणाचं आणि पाण्याचं तेवढं बोलले.

पाय बोल्टने बसवले होते, एवढंच काय ते शहाणपण. उरलेल्या फळीतून दत्तूने नवे पाय काढले. या वेळी त्याने मापं दोनदा घेतली आणि काम घरातल्या सपाट फरशीवर, दिवाणखान्यातली खुर्ची बाजूला सारून केलं. ज्योत्स्नाचे फोन सुरू असले की नुसता पॉलिशपेपर फिरवायचा. नवे पाय बसले. टेबल हललं नाही. त्याने चारही कोपरे दाबले, मग त्यावर स्वतः बसून पाहिलं. सागवान तेलपाण्याने गडद झालं होतं. कडेला जुन्या दाराच्या कडीची एक काळी खूण तेवढी राहिली होती, ती काही जाईना.

दुसऱ्या दिवशी तो टेबलाखाली उताणा पडून फळीची खालची बाजू घासत होता. बराच वेळ घासत होता. भुसा डोळ्यांत जात होता. मधेच त्याच्या लक्षात आलं, की हा भाग त्याने कालही घासला होता. इथं कुणी कधी बघणार नव्हतं. ज्योत्स्नाचे गुडघेसुद्धा इथपर्यंत पोचणार नव्हते. त्याने बोटं फिरवली. फळी काचेसारखी होती.

तो तसाच पडून राहिला. मग बाहेर सरकला, कपडे झटकले आणि हाक मारली, "ज्योत्स्ना, जेवणाची सुट्टी झाली की बसून बघ."

दोघांनी मिळून टेबल आतल्या खोलीत खिडकीशी नेलं. लागलीच तर असू देत म्हणून त्याने हत्यारं आणि तेलाचा डबाही आत कोपऱ्यात आणून ठेवला. इस्त्रीचं टेबल मिटून दारामागे गेलं. ज्योत्स्नाने पदर खोचला, खुर्ची ओढली आणि लॅपटॉप समोर ठेवला. हात कीबोर्डवर नेले. थोडंसं काहीतरी टाइप केलं. तिचा चेहरा सैल होत गेलेला दत्तूने पाहिला. तिने डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले. मग मान तिरपी करून ती फळीकडे, तेलाच्या डब्याकडे, कोपऱ्यात ठेवलेल्या रंध्याकडे, आणि शेवटी त्याच्याकडे बघत राहिली.

"छान झालंय," ती म्हणाली. जरा थांबून, "पण किंचित उंच वाटतंय का?"

"उंच?"

"थोडंसंच. हात वर राहतायत बघा. घाई काही नाही. सावकाश करा. लागू देत लागतील तेवढे दिवस."

दत्तूचा हात सवयीने खिशातल्या टेपकडे गेला. तो तिच्या बाजूला उकिडवा बसला आणि त्याने डोळा फळीच्या रेषेत आणला. तिने खांदे उचलून धरले होते. फार नाही, पण पलंगाच्या कडेला बसून टाइप करताना तिला इतकी वर्षं पाहिलेल्या माणसाला कळावं, एवढे.

टेप खिशातच राहिला. तो उठून तिच्या मागे गेला. दोन्ही तळहात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि हलकेच खाली दाबले. खांदे थोडा वेळ तसेच राहिले. मग उतरले. तिचे कोपर फळीला येऊन बरोबर टेकले.

"आता?" त्याने विचारलं.

ज्योत्स्ना खिडकीबाहेर बघत होती. खाली मान घालून तिने कीबोर्डवरचा नसलेला भुसा पुसला.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली.

"उंच नाही?"

"नाही."

तिच्या फोनची वेळ झाली होती. तिने हेडफोन चढवला. दत्तूने कोपऱ्यातला रंधा, पटाशी, करवत उचलली आणि दार ओढून घेत तो बाहेर आला. हत्यारं पुसून, तेलाचा हात लावून पेटीत ठेवली. अंगणातला भुसा झाडला, मोरीकडच्या खोलगट कोपऱ्यातला बोटांनी उकरून काढला. सगळं झाल्यावर हात धुतले. मग पायरीवर बसून त्याने खाजाला फोन लावला.

खाजाने लगेच उचलला. त्याच्यामागे टेम्पोचे हॉर्न आणि क्रेट आपटल्याचे आवाज येत होते.

"तो माणूस पाहिजे होता तुला," दत्तू म्हणाला. "मेंटेनन्सला."

पलीकडे नुसते क्रेट आपटत राहिले.

"घेतला, भाऊ," तो म्हणाला. "ह्याच आठवड्यात. शेठ थांबेना. मी तुम्हाला फोन केला होता, दोनदा."

"हं. दिसला होता."

"नवीन आहे. निफाडचा पोरगा."

"बरं, बरं. असू दे."

"ऐका तर. सीझनभर रोजावर लागतात दोन-तीन माणसं. मशीनवर नाही, हातानं सगळं. आत माल लावायचा, बाहेर काढायचा. तुम्हाला असं विचारायला मला..." खाजा अडखळला. "तिथं राहिलात, तर मशीन बंद पडलं की मी हाक मारीनच. पण ते पुढचं पुढं."

दत्तूने आतल्या खिडकीकडे पाहिलं नाही. ज्योत्स्ना पलीकडच्या कुणाला तरी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बिल समजावत होती. तिचा आवाज बाहेर स्पष्ट येत होता.

"उद्या आलो तर चालेल?" त्याने विचारलं.

"चालेल की. द्वारका चौकात उभे राहा, आमची गाडी तिथूनच जाते. मी आत जागा ठेवतो." खाजा फोन ठेवतोय असं वाटलं, तेवढ्यात तो पुन्हा बोलला. "भाऊ, स्वेटर घाला. दोन घाला. आत लय गार असतं, पहिल्या दिवशी सोसत नाही."

"घालतो," दत्तू म्हणाला.