लाइलच्या हातचा पाक

ऑरिन पेल्कीनं उभ्या आयुष्यात कधी मापानं काही मोजलं नव्हतं. वरमाँटच्या टेकडीवर त्याचं मेपलचं रान, आणि रानाच्या तोंडाशी साखरघर. मार्च उजाडला की तिथं लांबरुंद काहिलीत झाडांचा रस कढायचा, आणि पाक झाला की नाही ते ऑरिन पळीवरून सांगायचा. पळी उचलून तिरकी धरायची. थेंब पडले तर कच्चा, कडेला पडदा धरून लोंबला तर झाला. शेजारचे लोक काचेची मापं बुडवून आकडे वाचत बसायचे, तेव्हा हा हसायचा. देवानं डोळे कशाला दिलेत, म्हणायचा. अशा माणसाच्या हातात डॉक्टरनं औषधाची बाटली आणि बारीक रेघांची बिनसुईची सिरिंज दिली. पुढे काय होणार ते कुणीही सांगितलं असतं.

औषध त्याच्या बायकोचं होतं. व्हर्नाच्या विसरण्याच्या आजाराला तीन वर्षं झाली होती. गोळ्या ती गालात दाबून ठेवायची आणि नंतर त्या सोफ्याच्या फटीत सापडायच्या, म्हणून डॉक्टरनं पातळ औषध लिहून दिलं. ते निघालं कडू. पहिल्याच दिवशी तिनं ते थुंकून टाकलं. आता ज्याच्या तळघरात पाकाचे डबे रचलेत तो माणूस कडू औषधावर काय उपाय करणार? कपभर गरम दूध, त्यात दोन पळ्या पाक, त्यात औषध, सगळं अंदाजानं. दुसऱ्या कशातही मिसळू नका, असं ठळक छापलेला कागद बाटलीबरोबर आला होता. त्या कागदानं ऑरिननं चूल पेटवली.

व्हर्ना अर्धा कप प्यायची आणि अर्धा खिडकीतल्या कुंडीत ओतायची. पोटात किती गेलं हे तिलाही ठाऊक नाही आणि यालाही नाही. कमी गेलं असेल म्हणून हा वर आणखी थोडं द्यायचा, आणि याचा हात पहिल्यापासून सैल. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी ती खुर्चीतून उठली, घर फिरतंय म्हणाली आणि चुलीशेजारी पडली. नशीब, हाड मोडलं नाही. पण कपाळावर जांभळं टेंगूळ आलं, दोन रात्री दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरनं आठवडाभर औषध बंद ठेवलं.

लेक ऑल्बनीहून धावत आली. डार्लीन रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं स्वयंपाकघरात बसून शांतपणे सांगितलं की गावातल्या शुश्रूषागृहात तिनं एक खाट सोमवारपर्यंत धरून ठेवली आहे. सोमवारी घरी नर्स येईल आणि बघेल. औषध रोज, मोजून, नीट पोटात जात असेल तर आई इथं राहील, नाहीतर नाही.

"बाबा, तुम्ही एकोणऐंशी वर्षांचे आहात. यात कमीपणा काही नाही," ती म्हणाली.

ऑरिन टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिला. लग्नाच्या बावन्न वर्षांत व्हर्ना घरात नाही अशा रात्री त्याला मोजता येण्याइतक्या कमी होत्या, आणि नुकत्याच गेलेल्या दोन त्याला पुरून उरल्या होत्या. त्या रात्रींत त्यानं दोनदा उठून रिकाम्या बाजूची चादर सारखी केली होती. हे लेकीला सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो औषधाच्या दुकानात गेला. दुकानातली गेल डार्लीनच्या वर्गातली, त्यामुळे तिला त्याचा मुलाहिजा नव्हता. तिनं त्याला पाण्याची वाटी दिली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सिरिंज भरायला लावली, एकदा नाही, पाचदा.

"बुडबुडा दिसतोय? ते औषध नाही, ती हवा आहे. ढकला परत. आता भरा."

मग तिनं बजावलं. चमच्यानं नाही, पळीनं नाही, डोळ्यांनी तर मुळीच नाही, आणि पाकात नाही. एखादी वेळ चुकली तर चुकली, पुढच्या वेळी दुप्पट द्यायचं नाही. बरेच दिवस खंड पडला तर मनानं सुरू करायचं नाही, डॉक्टरला विचारायचं. आता आठवड्याचा खंड पडलाय म्हणून डॉक्टरनं पुन्हा सगळ्यात कमी मात्रेपासून सुरू करायला सांगितलंय, दिवसातून एकदा, अडीच मिलिलिटरच्या रेघेपर्यंत, शुक्रवारपासून. ताठ बसवायचं, सिरिंजचं टोक गालाच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला धरायचं आणि हळूहळू सोडायचं. घशात सोडलं तर ठसका लागेल. जबरदस्ती करायची नाही.

"आणि तोंडच उघडलं नाही तर?" ऑरिननं विचारलं.

"ते मी कसं सांगू, ऑरिन? तिला तुम्ही ओळखता," गेल म्हणाली.

ओळखतो खरं. पण ओळख दोन्ही बाजूंनी असावी लागते.

शुक्रवारी सकाळी दहाला त्यानं हात धुतले, गेलनं दिलेला नवा कागद दोनदा वाचला, रेघेवर रेघ जुळवली. असं काटेकोर काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. व्हर्नानं त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"मी आहे, ऑरिन."

"ऑरिन रानात गेलाय. परक्या माणसाच्या हातचं मी काही घेत नाही. तो आला की त्याला विचार," ती म्हणाली.

त्यानं लग्नाचा फोटो आणून दाखवला. व्हर्नानं तो मांडीवर घेतला, बोटानं पुसला. हाच तो, म्हणाली, केस बघ केवढे. मग त्याच्या टकलाकडे बघून तिला हसू फुटलं. ऑरिनलाही हसू आलं, आणि ते आवरलं तेव्हा त्याला चुलीकडे तोंड करून उभं राहावं लागलं. शनिवारीही तेच. ऑरिन रानात गेलाय. त्यानं कॅलेंडरवर चुकलेल्या दिवसाची दुसरी फुली मारली. रविवारी दुप्पट देऊन टाकावं असं मनात आलं होतं, पण चुलीशेजारची जागा समोर दिसत होती. फोन वाजला तेव्हा त्यानं डार्लीनला ठीक आहे म्हणून सांगितलं, आणि खोटं बोलल्यामुळे त्याला रात्रीचं जेवण गेलं नाही.

रविवारी बर्फ वितळायला लागलं आणि झाडांनी रस सोडला. यंदा काहील पेटवायची नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण जित्याची खोड. बादल्यांत टपटप सुरू झाली आणि त्याच्यानं घरात बसवेना. व्हर्नाला एकटी सोडायची सोय नव्हती. त्यानं तिला कोट चढवला, हात धरून साखरघरात नेलं आणि खिडकीखालच्या तिच्या खुर्चीत बसवलं.

ती खुर्ची चाळीस वर्षं तिचीच होती. ऑरिन पाक करायचा, पण तो पहिल्या प्रतीचा की दुसऱ्या हे व्हर्ना ठरवायची. खिडकीत बाटल्या ओळीनं लावून ती रंग बघायची आणि मग चव घ्यायची. व्यापारी टोप्या काढून थांबायचे. चव घ्यायची तिची रीत वेगळीच होती. जिभेवर पाक घेतला की गोडानं जीभ आंधळी होते, म्हणायची. चमच्याचं टोक तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात लावायची, पाक गालात सोडायची आणि डोळे मिटायची.

काहील तापली, वाफ छताला लागली. व्हर्ना खुर्चीत ताठ झाली.

"लाइल, दार लाव. वारा येतोय."

लाइल हा त्यांचा चाळीस वर्षांपूर्वीचा गडी. एका हंगामात दोनदा काहील करपवली होती बेट्यानं. त्याला मरूनही वीस वर्षं झाली. मी लाइल नाही, असं ऑरिनच्या अगदी ओठांवर आलं. घड्याळात दहा वाजले होते आणि बाटली कोटाच्या खिशात होती. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात, गालात, हळूहळू. गेलनं दुसरं काय सांगितलं होतं? पण तिथं पोचायचं तर नवऱ्याला रानातच ठेवावं लागणार होतं. बावन्न वर्षांचं नातं त्या दारात काढून ठेवायला त्याला किती वेळ लागला कोण जाणे. त्यानं जाऊन दार लावलं.

हात धुऊन त्यानं अडीचच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, बुडबुडा परत ढकलला, पुन्हा रेघ जुळवली.

"गेलनं दिलंय. औषधी आहे. गालात घेऊन सांगा, बाई, कसं काय ते," तो म्हणाला. लाइल तिला बाईच म्हणायचा.

"आणि ही नळी कसली?"

"नवी आलीय, मोजून चाखायची."

"ऑरिनला दाखवू नकोस. हसेल तो."

तिनं मान किंचित कलती केली आणि तोंडाचा डावा कोपरा उघडला. ऑरिननं टोक गालाच्या आत धरलं आणि इतकं सावकाश सोडलं की त्याचाच अंगठा दुखायला लागला. तिनं डोळे मिटले. घोट गळ्याखाली उतरलेला त्यानं नीट पाहिला.

"करपवलंस," ती म्हणाली. "माणसांना असलं विकायचं नाही."

चूक झाली म्हणाला तो. बरणीतली आंबट काकडी कापून त्यानं तिच्या हातात दिली. पाक चाखून तोंडाला मिठी बसली की त्यांच्याकडे काकडी लागतेच. मग पेन्सिल घेऊन भिंतीपाशी गेला. पेल्की घराण्यात पहिल्या कढाची तारीख साखरघराच्या फळ्यांवर लिहायची चाल होती. आजोबांच्या वेळेपासूनच्या ओळींखाली त्यानं तारीख घातली आणि पुढे लिहिलं: अडीच.

सोमवारी नर्स साखरघरातच आली. तिनं सिरिंज भरताना पाहिलं, रेघ तपासली, व्हर्नानं गालात घेऊन नाक मुरडलेलं पाहिलं, भिंतीवरच्या काल-आजच्या दोन ओळी वाचल्या. शुश्रूषागृहाला तीच कळवणार होती, खाट लागणार नाही म्हणून. जाताना तिनं व्हर्नाला विचारलं, हे कोण?

"लाइल. पाक करपवतो, पण माणूस वाईट नाही," व्हर्ना म्हणाली.

नर्सनं ऑरिनकडे पाहिलं. तो काहिलीखाली लाकूड सारत होता. तिची गाडी उतारावरून खाली गेल्यावर साखरघरात रस रटरटण्याचाच आवाज उरला. व्हर्ना खिडकीतून रानाकडे बघत होती.

"लाइल, तुझी घरी कुणी वाट बघत नाही?"

"नाही, बाई."

"मग ऑरिन येईपर्यंत थांबशील? तो असला की मला काही लागत नाही. एकटीला भीती वाटते."

"थांबतो," ऑरिन म्हणाला, आणि सिरिंज धुऊन उद्यासाठी वाळत ठेवली.