गच्चीवरचे गोळे

चित्राकाकूंचा करणीवर काडीचाही विश्वास नव्हता, म्हणून तर त्यांनी ती गोष्ट फक्त अकरा घरांत सांगितली.

झालं होतं असं, की ठाण्याच्या वर्तकनगरातल्या त्यांच्या पाच मजली बिल्डिंगच्या गच्चीवर, लिफ्टच्या खोलीपाशी, काळपट गोळे सापडले होते. अंगठ्याएवढे. वरून केस आणि आतून हाडं! काकू बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेल्या, बोलणं अगदी तोलूनमापून. "माझा विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर," असं प्रत्येक दारात आधी सांगून त्या आवाज खाली करायच्या. "पण गच्चीची चावी असते कोणाकडे? पाचव्या मजल्यावर. आणि ती मंडळी कोकणातली. मी काही म्हणत नाही."

पाचव्या मजल्यावर संचिता राहायची. बाबा कल्याणच्या एसटी डेपोत कंडक्टर, आई विनिता उन्हाळ्यात कुरडया-पापड करून विकणारी, आणि दिवा स्टेशनजवळच्या खोलीतून इथे येऊन त्यांना जेमतेम आठ महिने झालेले. दिव्याच्या खोलीत पिंप भरून ठेवायला जागा नव्हती, तिथे कुरडया कुठे वाळत घालणार? वर्तकनगरची ही मोकळी, उन्हाची गच्ची बघूनच आईने घर पसंत केलेलं. सोसायटीने तिला चावी दिली, तेव्हा तिने ती आधी देवासमोर ठेवली होती.

ती चावी सोमवारी संध्याकाळी सेक्रेटरी श्रीपादकाकांनी परत मागितली. तीही जिन्यात, चार माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन उभी असताना.

"वहिनी, तसं काही नाही हं. कमिटीचं म्हणणं पडलं, काही दिवस गच्ची बंद ठेवू."

आईने कंबरेला खोचलेली चावी काढून दिली. मग घरात येऊन तिने घासलेली भांडी परत घासायला घेतली, आणि संचिताला कळलं की प्रकरण साधं नाही.

"कसले गोळे होते गो ते? तू बघितलेस?"

"लांबून. माझ्या कुरडयांची बाजू टाकीकडची. हे पलीकडे, त्या खोलीच्या झरोक्याखाली. मांजरीचं काहीतरी असेल म्हणून मी तिकडे गेलेच नाही."

"झरोक्याखाली? केसांचे? आत हाडं?"

"किंचाळतेस काय एवढी?"

किंचाळण्यासारखंच होतं. कारण जानेवारीत शाळेची सहल ठाण्याच्या निसर्ग संग्रहालयात गेलेली, आणि तिथे प्रत्येकीच्या पुढ्यात एक बशी, एक चिमटा आणि अस्साच एक गोळा ठेवलेला. घुबड शिकार सगळी एकदम गिळतं आणि केस-हाडं पचत नाहीत म्हणून त्यांचा गोळा करून तोंडावाटे टाकतं, हे तिथल्या सौमित्रदादाने सांगितल्यावर निम्मा वर्ग "ईईई" करत खिडकीशी पळाला होता. संचिता जागची हलली नव्हती. वर्गात वर्षभर एकदाही हात वर न करणाऱ्या या मुलीने त्या दिवशी लागोपाठ सात प्रश्न विचारले, आणि तेव्हापासून तिचा हात खाली यायला तयारच नव्हता.

तिने मंगळवारी सकाळी संग्रहालयात फोन लावला. सौमित्रदादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमचा 'संग्रहालय तुमच्या दारी' म्हणून कार्यक्रम आहे. या रविवारी एक जागा रिकामी आहे. पण वीस रहिवाशांच्या सह्या आणि सोसायटीची परवानगी लागेल. शुक्रवारपर्यंत. जमेल?"

"जमेल काय, झालंच समज!" असं म्हणून तिने फोन ठेवला आणि मग तिच्या ध्यानात आलं: ज्या अकरा घरांत काकू जाऊन आलेल्या, त्याच घरांच्या बेल तिला वाजवायच्या होत्या.

पहिल्या मजल्यावर हरिहरआजोबांनी दार अर्धंच उघडलं. "घुबड? आपल्या बिल्डिंगवर? अगं, अपशकुन असतो तो."

"आजोबा, तुमच्या स्कूटरची वायर यंदा किती वेळा बदललीत?"

"तीनदा. उंदीर झालेत मेले माजोरडे."

"मग अपशकुनी कोण? वायर खाणारा, की वायर खाणाऱ्याला खाणारा?"

आजोबांनी दार पूर्ण उघडलं. "पेन आहे का तुझ्याकडे?"

सगळेच असे नव्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी जाळीच्या दारातूनच "आमचे हे घरी नाहीत" म्हटलं, आणि मागून त्यांच्या ह्यांचा खोकला ऐकू आला. चौथ्या मजल्यावरचा मुकुल, कॉलेजला जाणारा, हसायलाच लागला. "काय ग, मम्मीने लिंबं संपवली का सगळी?" संचिताचे कान तापले. पण ती तिथून हलली नाही. "सही कर, मग पोटभर हस." त्याने केली. गुरुवारी संध्याकाळी सतरा सह्या झालेल्या. बाबा ड्युटीवरून आल्या आल्या तिने खाकी कपड्यांतच त्यांची अठरावी घेतली. मग बिल्डिंगच्या वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, मी कुठे रहिवासी? शेवटच्या दोन सह्या तिने शुक्रवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच मिळवल्या. बाईंची, आणि खोकणाऱ्या ह्यांची.

उरले श्रीपादकाका. ते सोसायटीच्या ऑफिसात बसलेले, आणि कपाटाच्या तळाशी गोळ्यांची पिशवी होती. वॉचमनने झाडून भरलेली, आणि वर कोणीतरी खबरदारी म्हणून मिरच्या बांधलेली.

"परवानगी देतो," काका म्हणाले. "पण उद्या यातून भलतंच काही निघालं तर? आधीच लोक कुजबुजतायत, त्यात तमाशा नको."

"उंदीरच निघणार, काका. नाही निघाले तर आम्ही चावीचं नाव काढणार नाही. आणि निघाले तर आईला चावी परत."

"ठरलं," काका म्हणाले, आणि एवढ्या पटकन म्हणाले की तिला लगेच चुकल्यासारखं वाटलं.

शनिवारी पिशवी न्यायला सौमित्रदादा आला. कार्यक्रमाआधी गोळे भट्टीत तापवून घ्यावे लागतात, जंतू मरावेत म्हणून. त्याने हातमोजे घालून पिशवीत डोकावलं. "घुबडाचेच दिसतायत. गव्हाणी घुबड असणार."

"आणि उंदरांचेच ना?"

"ते उघडल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही. बेडूक असतील, पक्षी असतील. तू पैज कशाला लावलीस?"

"तोंडातून गेलं."

"मग आता तोंड बंद ठेवायचं आणि हाडांना बोलू द्यायचं. चालेल?"

न चालून सांगते कोणाला!

रविवारी सकाळी नऊ वाजता बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चार टेबलं, चौदा बशा, चौदा गोळे, चिमटे, हातमोजे आणि हाडांच्या चित्रांचा मोठा तक्ता. खुर्च्यांवर मात्र तीन लहान मुलं आणि हरिहरआजोबा. बाकी सगळी सोसायटी आपापल्या बाल्कनीत चहा पीत उभी. सिनेमा बघायला बसावं तशी! चित्राकाकू तिसऱ्या मजल्यावरून, चष्मा लावून.

सौमित्रदादाने घुबडाची माहिती सांगितली. कोणी खाली आलं नाही. त्याने विचारलं, "पहिला गोळा कोण उघडणार?" मुलांनी हात मागे घेतले. संचिता पुढे होणार, तेवढ्यात मागून कोणीतरी तिचा खांदा दाबला.

"तू नको," आई म्हणाली. "तू उघडलास तर म्हणतील, आधीच काहीतरी घालून ठेवलं. आणि नाव माझं निघालंय ना? मग मीच उघडते."

विनिताने हातमोजे चढवले. असला बारीक चिमटा तिने आयुष्यात पहिल्यांदाच धरलेला. पण पापडाची पारी दिव्यासमोर धरली तर पलीकडचं दिसावं इतकी पातळ लाटणारे हात ते. तिने गोळ्याला घाई केली नाही. केस एका बाजूला केले, बारीक हाडं एका बाजूला, आणि मग बशीच्या मधोमध एक कवटी ठेवली. अख्खी. पुढचे दोन लांब पिवळे दात जागच्या जागी.

"वा!" सौमित्रदादा पुटपुटला. "आमच्याकडे दहांतल्या नऊ फुटतात." त्याने ती तक्त्यावरच्या चित्राशेजारी धरली. "काय आहे?"

"उंदीर!" तिन्ही मुलं ओरडली.

"अजून आहे आत," आई म्हणाली. एकाच गोळ्यात तिला तीन मिळाले.

बाल्कन्या रिकाम्या व्हायला लागल्या. मुकुल जिना उतरून आला आणि खुर्ची ओढून बसला. जाळीवाल्या बाई आल्या, त्यांचे खोकणारे हे आले. पाऊण तासात एकही चिमटा रिकामा नव्हता आणि हरिहरआजोबा "हा माझ्या स्कूटरचा, हा पण माझ्याच स्कूटरचा!" करत कवट्या मोजत होते. एका गोळ्यातून नुसता बेडूक निघाला तेव्हा श्रीपादकाकांनी संचिताकडे बघितलं, आणि तिने दादाला दिलेला शब्द आठवून ओठ घट्ट मिटले. शेवटी दादाने फळ्यावर लिहिलं: उंदीर एकोणचाळीस, चिचुंद्री चार, बेडूक एक.

"एकोणचाळीस?" श्रीपादकाका स्वतःच्या गाडीकडे बघत म्हणाले. "आणि हे किती दिवसांचं?"

"साधारण दोन आठवड्यांचं. जोडी असेल तर आणखी कमी."

चित्राकाकूही खाली आल्या होत्या, सगळ्यांत मागे. "मी तर आधीपासून म्हणत होते, याला काहीतरी शास्त्रीय कारण असणार. मी काही कोणाचं नाव घेतलं नव्हतं."

"नाव नव्हतं घेतलंत, काकू," संचिता म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पार्किंगमध्ये सगळ्यांना ऐकू गेला. "मजला सांगितला होतात."

कोणीतरी फिस्सकन हसलं. काकूंनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मग विनितापाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "ती कवटी जरा दाखवाल का?" आईने बशी पुढे केली.

श्रीपादकाका घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, चावी उद्या ऑफिसातून घेऊन जा. आज रविवार, ऑफिस बंद असतं."

"उद्या नको, काका," संचिता म्हणाली. "घेताना सगळ्यांसमोर घेतलीत. देतानाही सगळ्यांसमोर द्या."

"संचिता!" आईने दटावलं. पण हात मात्र तिने पुढे केला होता, आणि तो मागे घेतला नाही.

काकांनी वॉचमनला ऑफिस उघडायला लावलं. चावी आईच्या हातात पडली. ती कंबरेला खोचत आई सौमित्रदादाला म्हणाली, "गोळे लागतील ना तुम्हाला पुढेही? डबा करून ठेवते. आणि झरोक्याला कोणी जाळी मारणार नाही, ते मी बघते."

मग वळून संचिताला म्हणाली, "चल वर. गहू बुधवारीच भिजत घातलेत, काल वाटलेसुद्धा. चीक बसलाय, ऊन आहे तोवर शिजवून घालायला हवा."

"बुधवारी?" संचिता बघतच राहिली. चार दिवस ती जिने झिजवत फिरत होती, घरातला आंबूस वास तिच्या नाकालासुद्धा लागला नव्हता. "अगं, तेव्हा तर माझ्या नऊच सह्या झालेल्या!"

"मग? नवाच्या वीस होईपर्यंत गहू भिजत घालायचे थांबू?" आई जिना चढायला लागली. "ये लवकर. सोऱ्या तू दाबायचास, आज माझे हात भरून आलेत."